अर्धी तार

नाना गेल्याचं त्यांच्या मुलीने मला फोनवर सांगितलं. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ते दोन ओळींत लिहिलं, तर पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. ते हात मी ओळखतो. त्यांतल्या बहुतेक हातांनी कधी ना कधी आमच्या मीटररूममधला एक काळा स्विच गुपचूप फिरवला आहे. सेक्रेटरी शिरोडकरांनी लिहिलं, 'आपल्या सोसायटीचा आधारवड हरपला.' नानांनी हे वाचलं असतं तर चष्मा काढून, काच पुसत, एकच शब्द म्हणाले असते: "हुशार."

हुशार ही त्यांची सगळ्यात वाईट शिवी होती. मूर्ख माणसावर त्यांचा राग नसे. मूर्खाला शिकवता येतं, असं त्यांचं मत होतं. ज्याला नियम कळतो आणि आपल्यापुरता चुकवताही येतो, तो हुशार. याउलट एखादं काम मनासारखं झालं की ते फक्त "चालेल" म्हणत. या दोन शब्दांच्या मधे त्यांच्याकडे माणसांसाठी फारशी जागा नव्हती.

यशवंत राऊत हे त्यांचं नाव. आगाशीच्या रस्त्यावर आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच वाडीच्या जागेवर. वाडीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरचं घर मिळालं, ते त्यांनी मीटररूमच्या समोरचं मागून घेतलं. बिल्डर म्हणाला होता, "नाना, वरचं घ्या, वारा येतो." नाना म्हणाले, "वाऱ्यावर मी तीस वर्षं काढलेली नाहीत." ती तीस वर्षं त्यांनी वालीवच्या एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्या गुंडाळण्यात आणि तयार ट्रान्सफॉर्मर तपासण्यात घालवली होती.

मी इथे राहायला आलो त्या आठवड्यात माझ्या घरची लाइट गेली. मी चौथ्या मजल्यावरून खाली उतरलो, तर मीटररूमच्या दारात लेंगा-बनियनमधले एक गृहस्थ खुर्ची टाकून बसलेले.

"नमस्कार. मी कारखानीस. चौथ्या मजल्यावर—"

"आडनाव नाही विचारलं. फेज कुठला?"

मला माहीत नव्हतं. मी वसईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरातली वीज ही बटण दाबण्यापुरतीच माझी जबाबदारी आहे, अशी माझी समजूत होती. नानांनी मीटरवर खडूने लिहिलेलं अक्षर बोटाने दाखवलं. "निळा. तुम्ही निळे."

पुढची बारा वर्षं मी निळे होतो. "काय निळे, दूध आणलंत?" "निळे, पेपर वाचून झाला की द्या." माझं आडनाव त्यांच्या लक्षात राहिलंच नाही, असं मी धरून चाललो. शिरोडकर लाल होते, तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पिवळ्या. वीज कंपनीकडून इमारतीत तीन फेज येतात, आणि चोवीस घरं त्या तिघांवर आठ-आठ वाटायची, ही वाटणी इमारत उभी राहताना नानांनी स्वतः केली होती. नुसती मोजून केली नव्हती. घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या दारात जाऊन त्यांनी विचारलं होतं: एसी किती, गीझर किती, इस्त्री रोज की रविवारी? लोकांना वाटलं, इन्कम टॅक्सचा माणूस आला. तिघांनी एसी लपवले. नानांना लपवलेलेही कळले, आणि त्यांनी ते धरूनच वाटणी केली.

आमच्या फाटकाबाहेर दोन खांबांवर एक ट्रान्सफॉर्मर आहे. सगळे त्याला 'डीपी' म्हणतात. लाइट गेली की गॅलरीतून ओरडा होतो, "डीपी उडाली!" नाना खालून उत्तर देत, "डीपी म्हणजे डबल पोल, ते दोन खांब. खांब कसे उडतील? फ्यूज उडाला म्हणा. शर्टाचं बटण तुटलं की माणूस तुटला म्हणता का?" आमच्या इमारतीत वीज म्हणजे काय हे फारसं कोणाला ठाऊक नाही. कोणाकडे कुठल्या कंपनीचा एसी आहे, हे मात्र झाडून सगळ्यांना ठाऊक आहे.

रोज सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन नाना त्या ट्रान्सफॉर्मरखाली थांबत आणि मान कलती करून ऐकत. एकदा मीही थांबलो.

"आवाज कसला येतो, सांगा."

"करंटचा," मी म्हणालो.

"करंटला आवाज नसतो. आतलं लोखंड ताणतं आणि सुटतं, ताणतं आणि सुटतं. त्याची ही घरघर." मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, कारण पुढच्या बोलण्याला त्यांना दोन्ही हात लागत. "आत तांब्याच्या गुंडाळ्या आहेत. एक इकडची, एक तिकडची. इकडची तार तिकडच्या तारेला कुठेही चिकटलेली नाही. मधे कागद, तेल. तरी इकडून अकरा हजार व्होल्ट आत जातात आणि तिकडून चारशे बाहेर पडतात. कसे?"

"चुंबकत्वामुळे."

"हे नाव झालं. मी कसे विचारलं."

सगळं पुस्तकातूनच वाचलेल्या माणसाची जी फजिती होते ती माझी झाली.

"करंट सारखी दिशा बदलतो म्हणून," ते म्हणाले. "इकडचा हलला की लोखंडातलं चुंबक हलतं. चुंबक हललं की तिकडची गुंडाळी जागी होते. इकडे वेढे जास्त, तिकडे कमी. जितके वेढे कमी तितके व्होल्ट कमी. पण हालचाल पाहिजे. बॅटरीचा सरळ, न हलणारा करंट इकडे सोडा. पलीकडे काही नाही, आणि अलीकडची गुंडाळी तापून खाक. कारखान्यात एका इंजिनिअरने केलेलं असं. हुशार होता."

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून विजेवरचं एक जाड पुस्तक त्यांच्यासाठी आणलं. त्यांनी ते आठ दिवस ठेवून घेतलं आणि परत करताना म्हणाले, "चित्रं चांगली आहेत."

नानांच्या घरात आणखी एक घरघर होती, ऑक्सिजनच्या मशीनची. सुमनवहिनींची फुप्फुसं कडक होत चालली होती. मशीन हवेतून ऑक्सिजन काढून नळीने त्यांच्या नाकाशी पोचवायचं, आणि ते रात्रंदिवस चालावं लागायचं. लाइट गेली तर इन्व्हर्टर दोन तास, त्यापुढे पलंगाशेजारचा छोटा सिलिंडर तीन तास. पाच तासांच्या पुढे काय, हे त्या घरात कोणी बोलत नसे. इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं. वहिनींना बघायला सगळे येऊन गेले होते, नारळपाणी घेऊन.

वहिनी मात्र मजेत असत. नळी लावूनच नवऱ्याची टर उडवत. "मला बघायला आले ना, भाऊजी, तर हे आधी आमच्या ओटीवरचं मीटर बघून आले. माझ्याकडे नंतर बघितलं."

"मीटर उलटं लावलेलं होतं," नाना म्हणाले.

"आणि मी?"

नानांनी जरा विचार केला. "चालेल."

वहिनी हसता हसता खोकल्या, मग मशीनचा आकडा बघायला नाना उठले.

तीन फेज म्हणजे नेमकं काय, हे मला त्याच खोलीत कळलं. नाना मशीन, व्होल्ट, वायरी असं काहीतरी सांगू लागले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, उखळाचं सांगा ना. मला तसंच सांगितलेलं, तेव्हा कळलं."

मग नानांनी उखळाचं सांगितलं. त्यांच्या लहानपणी आगाशीच्या घरी पोहे कांडायला तीन बायका एकाच उखळाभोवती उभ्या राहत. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं अर्ध्यात, तिसरीचं वर. तिघी एकापाठोपाठ. मुसळं कधी एकमेकांवर आपटत नाहीत, आणि उखळाला क्षणाची उसंत नसते. "तसे हे तीन फेज. तिघांचा जोर सारखा, पण वेळ वेगळी. आणि न्यूट्रल, म्हणजे तिघांची परतीची एकच तार, हे उखळ. तिघी सारख्या कांडत असल्या की उखळ जागचं हलत नाही. एकीनेच जोर काढला की ते कलंडतं."

"माझ्या आत्येसासूने कलंडवलं होतं एकदा," वहिनी म्हणाल्या. "पायावर पडलं. तिच्या नाही. शेजारणीच्या."

हे वाक्य मला नंतर पुष्कळदा आठवलं.

बिघाड सुरू झाला तो एका मे महिन्यात. ट्रान्सफॉर्मरवरचा पिवळ्याचा फ्यूज गेला आणि आठ घरं पाच तास अंधारात राहिली. अंधार सगळ्यांना सारखा असला की माणसं तो सोसतात, एकमेकांना मेणबत्त्या देतात. पण शेजारच्या घरात पंखा फिरतो आहे आणि आपल्याकडे नाही, हे आमच्या इमारतीला सोसण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात एका पिवळ्याने बबन वायरमनला बोलावून चेंजओव्हर बसवून घेतला. हा एक काळा गोल स्विच. आपला फेज गेला की खाली यायचं, स्विच फिरवायचा, आणि दुसऱ्याच्या फेजवर जाऊन बसायचं. दिवाळीपर्यंत बावीस घरांनी तो बसवला. लाइट परत आल्यावर स्विच परत फिरवायला मात्र कोणी खाली येत नसे.

बबनने आणखी एक शोध लावला: लाल फेजला पॉवर जास्त असते. कशावरून, हे त्याला कोणी विचारलं नाही. डॉक्टरने सांगितलेलं आमचे लोक इंटरनेटवर तपासून पाहतात, पण बबनवर त्यांचा विश्वास बसला. एकेक घर लालवर जाऊ लागलं. लालचा फ्यूज वारंवार उडू लागला, तेव्हा बबनने त्यात जाड तार घातली. संध्याकाळी लालवरचे बल्ब मंद होऊ लागले, तर लोक म्हणाले, सरकारच असं आहे.

नानांनी मीटिंग बोलावली. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये. त्यांनी खिशातून वीतभर केबलचा तुकडा काढला. आडवा कापलेला, आतल्या तारा दिसत होत्या.

"मोजा. तीन जाड, एक बारीक. आपल्या इमारतीला हीच केबल आहे. हिला साडेतीन कोअर म्हणतात. साडेतीन मुहूर्त पाठ आहेत ना सगळ्यांना? आता हे पण पाठ करा."

कोणीतरी हसलं.

"ही अर्धी तार म्हणजे न्यूट्रल. तिन्ही फेज सारखे चालले तर परत येणारा करंट एकमेकांतच जिरतो, हिच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून ती बारीक ठेवतात. तुम्ही सगळे लालवर गेलात. आता लालमधून गेलेलं सगळं ह्या अर्ध्या तारेतून परत येतंय. ती तापलीये. मी हात लावून बघतो रोज."

"नाना, टेन्शन नका घेऊ हो," शिरोडकर म्हणाले. "जळली तर जळली. सोसायटीला फंड आहे, नवीन टाकू."

"ती तुटली की तुमचं काही जळणार नाही, शिरोडकर. लालवर गर्दी आहे, तुमची लाइट नुसती मंद होईल. जो मागे एकटा राहिला असेल त्याच्या घरात दोनशे तीसच्या जागी चारशे व्होल्ट घुसतील. माझ्या घरात मशीन आहे."

"मग मागे राहताच कशाला? बिनधास्त या ना लालवर! सब का साथ देऊ आम्ही!"

पार्किंगभर हशा झाला. खरा, मोकळा हशा. पिवळ्या शिक्षिकाबाईही हसल्या, ज्या मुलांना विज्ञान शिकवतात.

"लालवर संध्याकाळी एकशे सत्तर येतात," नाना म्हणाले. "त्याच्यावर मशीन चालत नाही. बंद पडतं." पण तोपर्यंत पुढचा विषय निघाला होता, पाळीव कुत्र्यांनी लिफ्ट वापरावी की नाही. त्यावर दीड तास चर्चा झाली. नानांनी तुकडा खिशात टाकला. "हुशार," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द अनेकांना मिळून वापरलेला मी ऐकला.

एप्रिलपर्यंत निळ्यावर दोनच घरं राहिली, नानांचं आणि माझं. "निळे, आपण दोघंच," ते म्हणत. त्यात तक्रार नसे. जरा अभिमानच असे.

माझ्याकडेही चेंजओव्हर होता. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी बसवला तेव्हा मी बबनला म्हणालो, नुसता असू दे, मी वापरणार नाही. नानांनी तो पाहिला होता आणि काही म्हटलं नव्हतं. मे महिन्यात एका दुपारी निळा गेला. उकाडा होता. मी खाली उतरलो तेव्हा नानांचं दार लोटलेलं होतं. वहिनींची झोपायची वेळ. मी स्विच लालवर फिरवला. लाइट आली की परत फिरवीन, असं मनाशी ठरवलं होतं. लाइट तासाभरात आली. मी पुस्तक वाचत होतो. त्या दिवशी मी खाली गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. याला काही कारण द्यावं असं मला वाटत होतं, पण इतक्या महिन्यांत सापडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला माझा पंखा हळू झाला. बल्ब पिवळा पडून कंदिलासारखा झाला. इमारतीतल्या बाकीच्यांना वाटलं, व्होल्टेज कमी झालं. मला बारा वर्षांचं शिक्षण होतं. लाल मंद, म्हणजे अर्धी तार तुटली. म्हणजे निळ्यावर चारशे. आणि निळ्यावर कोण आहे, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

लिफ्ट बंद पडलेली होती. मी जिन्याने धावलो. दुसऱ्या मजल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास लागला. मी पोचलो तोवर नानांनी मेन स्विच पाडलेला होता. त्यांच्या घरात इन्व्हर्टरमधून धूर निघत होता आणि मशीन गप्प होतं. वहिनींच्या नाकाशी सिलिंडरची नळी नानांनी आधीच लावली होती. वहिनी डोळे मोठे करून छताकडे बघत होत्या आणि एक-एक श्वास मोजल्यासारखा घेत होत्या.

नाना परत मीटररूममध्ये आले, टॉर्च घेऊन. त्यांनी स्विचांच्या रांगेवरून उजेड फिरवला. लाल, लाल, लाल. माझ्या स्विचवर उजेड थांबला. फार नाही, एखादा श्वास. मग पुढे सरकला आणि न्यूट्रलच्या जोडावर गेला. तिथे अर्धी तार वितळून मागे गोळा झाली होती.

तेवढ्यात जिन्यातून शिरोडकर ओरडत आले. "नाना! मेन कोणी पाडला? मॅच चालू आहे यार!"

नानांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, "वसईला दुकानात फोन करा. मशीन भाड्याने देतात. सिलिंडर तीन तासांचा आहे." माझ्या नावाने नाही, रंगाने नाही. नुसतं, करा.

मशीन अडीच तासांनी आलं, त्याच सुमाराला वीज कंपनीच्या लोकांनी तात्पुरता जोड घालून लाइटही आणली. तोपर्यंत मी नानांच्या दारात उभा होतो आणि ते सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते. वहिनी झोपल्यावर मी म्हणालो, "नाना, मी निळ्यावर असतो तर—"

"फार फरक पडला नसता," ते म्हणाले. "एका घराचा भार तो किती. तुमचा फ्रिज जळला असता, एवढंच. वाचला ना फ्रिज?"

"वाचला."

"हुशार."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली जाऊन स्विच निळ्यावर केला. वीज कंपनीच्या लोकांनी येऊन पक्का जोड घातला. सोसायटीने नोटीस लावली: सर्वांनी आपापल्या फेजवर परत जावे. सर्वांनी ती वाचली, काहींनी तिचा फोटो ग्रुपवर टाकून अंगठे दाखवले. गणपतीपर्यंत अर्ध्याहून अधिक घरं परत लालवर होती.

वहिनी श्रावणात गेल्या. मशीन व्यवस्थित चालू असताना गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलीच होती, मे महिन्यातल्या गोष्टीचा संबंध नाही. नानाही तेच म्हणत, आणि विजेच्या बाबतीत नाना खोटं बोललेले मला आठवत नाहीत. पण त्या दुपारनंतर त्यांनी मला कधी 'निळे' म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली तर "अहो" म्हणत. मीही पेपर त्यांच्या दाराच्या कडीत अडकवून वर जात असे.

दिवाळीनंतर मुलीने त्यांना पालघरला न्यायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढलं, घराला कुलूप लागलं. निघताना नाना मीटररूममध्ये शिरले. मी मागोमाग गेलो. त्यांनी रुमालाने मीटरवरची धूळ पुसली, खडूची जुनी अक्षरं वाचता येतील इतपत. मग स्विचांच्या रांगेकडे बघितलं. टॉर्चची गरज नव्हती. सगळे स्विच एकाच बाजूला मान टाकून होते, एक सोडून.

"मी निळ्यावरच आहे," मी म्हणालो. साठी उलटलेला माणूस शाळेतल्यासारखा बोलला.

"बघितलं." त्यांनी दार ओढून घेतलं, कडी लावली. टेम्पोपर्यंत चालत गेले. चढताना एक हात दाराला धरून थांबले.

"आता निळ्यावर तुम्ही एकटेच. बाहेर जाताना फ्रिजचा प्लग काढत जा, कारखानीस."

टेम्पो फाटकाबाहेर पडून ट्रान्सफॉर्मरखाली थांबला. नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मान कलती केली. ड्रायव्हरने काहीतरी विचारलं, त्यांनी हाताने त्याला गप्प केलं. बराच वेळ ऐकलं. मग दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि टेम्पो निघाला. इमारतीकडे त्यांनी मान वळवली नाही.